दुरून डोंगर साजरे

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण ज्या कोणा शहाण्या पूर्वजानें प्रथम उच्चारली, त्याला डोंगरापासून फार तर दोनचार कोस दूर उभें राहण्याचा प्रसंग आला असेल. आमच्या वांट्याला आलेलें अंतर याहून पुष्कळच मोठें आहे. गेलीं चार वर्षें आम्ही सुमारें ७८६ किलोमीटर उंचीवरून डोंगर, माळ, नद्या आणि झाडें पाहत आहों. आणि तेंहि जालना जिल्ह्यांतील मंठा या तालुक्याच्या गांवीं, वडिलोपार्जित माळवदाच्या घरांत, मांडी घालून बसल्या जागीं. या प्रकाराला आमचा पुतण्या ‘उद्योग’ म्हणतो, गांवकरी ‘खूळ’ म्हणतात, आणि घरांतील मंडळी ‘डोळे फोडून घेणें’ असें म्हणतात. तिन्ही नांवांत थोडथोडें तथ्य आहे.

आम्ही पेशानें शाळामास्तर. भूगोल शिकवितां शिकवितां भारताचा नकाशा फळ्यावर इतक्या वेळां काढला कीं, झोपेंत हातीं खडू दिला तरी कन्याकुमारी चुकणार नाहीं. पुतण्याचें शिक्षण आमच्याच घरीं झालें. पुढें तो हैदराबादेस उपग्रहचित्रांचें वाचन करणाऱ्या एका कचेरींत नोकरीस लागला आणि सहा वर्षांनीं एके दिवशीं बाडबिस्तरा घेऊन परत आला. म्हणाला, “काका, जंगल कोठें तुटतें तें आकाशांतून दिसतें. दिसलेलें वेळेवर सांगणारा मात्र कोणी पाहिजे. मी तो धंदा करणार आहें. जंगल वांचविणें हा हेतु, धंदा हें साधन.” आम्हीं म्हटलें, “बाबा, हेतु उपाशी राहूं शकतो. साधनाला पोट असतें.” “म्हणूनच हिशेब तुम्हीं ठेवायचा,” असें तो म्हणाला, आणि अशा रीतीनें सेवानिवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षीं आम्ही पुन्हां नोकरीस लागलों.

गांवांत ही वार्ता पसरली तेव्हां पहिला आक्षेप न्हाव्याच्या दुकानांत निघाला. “गुरुजी, पर मंठ्यात जंगल कुठं हाय?” आक्षेप बिनतोड होता. देशाची एकतृतीयांश भूमि वनाखालीं असावी, असें ध्येय १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीनें ठरविलें आणि १९८८ च्या नीतीनें तें कायम ठेवलें. २०२१ च्या वनस्थिति-अहवालाप्रमाणें महाराष्ट्रांत वनाच्छादन शेंकडा साडेसोळा भरलें. आमच्या जालना जिल्ह्यांत तें शेंकडा एकाच्या आगेमागें आहे. ज्या घरांत भाकरीच नाहीं त्या घरानें भाकरीच्या चोरीवर पहारा ठेवण्याचा धंदा काढावा, असा हा विनोद होता. पुतण्याचें उत्तर असें कीं, आकाशांतल्या डोळ्याला पाहणारा कोठें बसला आहे याचें सोयरसुतक नसतें. मंठ्यांत बसून गडचिरोली दिसते. शिवाय जालन्यांतून निघालेला धंदा देशभर जाऊं शकत नाहीं असें कोणीं सांगितलें? १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं जालन्यास ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न-पुरस्कार मिळाला. तेहि कांहीं सुपीक गंगाकांठीं बसले नव्हते.

खरें सांगावयाचें तर आमचें मन वळलें तें या युक्तिवादानें नव्हे, एका तारखेनें. पृथ्वीवरील भूमीचें नियमानें निरीक्षण करण्यासाठीं सोडलेला पहिला उपग्रह, ज्याला पुढें ‘लॅन्डसॅट’ हें नांव मिळालें, तो अमेरिकेनें २३ जुलै १९७२ या दिवशीं आकाशांत पाठविला. पुतण्यानें ही तारीख सहज सांगितली. आम्ही मात्र कांहीं वेळ गप्पच बसलों. त्या जुलैंत आम्हीहि आभाळाकडेच पाहत होतों, पण ढगासाठीं. आम्ही तेव्हां दहा वर्षांचे होतों. मराठवाड्यांत ज्यांनीं तें वर्ष पाहिलें आहे त्यांना ‘बहात्तर’ एवढा एकच शब्द पुरतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जाई आणि आम्ही तिच्या पाटींत खडे भरीत असूं. परदेशची मिलो ज्वारी, दुपारची सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला एक जुना लिंब. त्याच्या फांद्या लोकांनीं जनावरांसाठीं इतक्या ओरबाडल्या होत्या कीं, सांवली म्हणून जी पडे ती नुसत्या खोडाची. आई त्या खोडाएवढ्या सांवलींत आम्हांला बसवी आणि आपण उन्हांत बसे.

त्याच दिवसांत, आमच्या डोक्यांवर नऊशें किलोमीटर उंचीवरून, मनुष्यानें केलेला पहिला असा डोळा फिरूं लागला होता. त्याच्या चित्रांतील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील सुमारें दीड एकर. त्या दीड एकरांत आमची आई, आम्ही, खडीचा ढीग, मुकादमाचा तंबू आणि तो लिंब हें सर्व मिळून एकच राखाडी ठिपका झालें असेल. आपल्याला कोणी पाहत नाहीं असें त्या वर्षीं साऱ्या मुलखाला वाटत होतें. कोणी पाहत होतें, पण त्याला आम्ही दिसत नव्हतों, हें पन्नास वर्षांनीं समजल्यावर आम्हांला त्या डोळ्याविषयीं राग न येतां एक चमत्कारिक जवळीक वाटली. त्याला आतां तरी नीट पाहावयास शिकवावें, असें मनांत आलें. आम्हीं हिशेबाची वही विकत आणली.

उपग्रहाचें चित्र हें साधें छायाचित्र नव्हे. तो एक हिशेबच असतो. हिरवें पान सूर्यप्रकाशांतला तांबडा भाग अन्नासाठीं शोषून घेतें आणि तांबड्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा भाग परत फेंकतें. पान जितकें टवटवीत, तितका या दोहोंतला फरक मोठा. उपग्रह हा फरक चौकोनाचौकोनानें मोजीत जातो. पुढच्या लॅन्डसॅट उपग्रहांचा चौकोन तीस मीटरांचा, म्हणजे सुमारें नऊ गुंठ्यांचा झाला. २०१५ पासून युरोपाचे ‘सेंटिनेल’ उपग्रह फिरूं लागले, त्यांचा चौकोन दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद आहे. हा आंकडा ऐकून आम्हीं कागदावर गुणाकार केला आणि चकित झालों. शंभर चौरस मीटर म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! ज्या मापासाठीं आमच्या पणज्यानें भाऊबंदांशीं बांधावरून जन्मभर वैर केलें, तेंच माप युरोपांतल्या शास्त्रज्ञांनीं नकळत आकाशांत नेऊन बसविलें होतें. असा एकेक गुंठा दर पांच दिवसांनीं पाहिला जातो, आणि त्याचें चित्र कोणालाहि फुकट मिळतें. लॅन्डसॅटचीं चित्रें २००८ सालीं विनामूल्य झालीं. त्यापूर्वीं एकेका चित्रास सहाशें डॉलरपर्यंत मोजावे लागत. चित्राला मोल उरलें नाहीं, म्हणूनच तें वाचणाऱ्याला मोल आलें. मंठ्यांतल्या दोन खोल्यांत हा उद्योग उभा राहूं शकला तो यामुळें.

परंतु पाहणें आणि मान्य करणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें आपल्या देशानें फार पूर्वींच अनुभविलें आहे. सरकारी दप्तरांत एके काळीं देशाची शेंकडा तेवीसच्या आसपास भूमि ‘वन’ म्हणून नोंदलेली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेनें १९७२–७५ आणि १९८०–८२ या दोन कालखंडांतील उपग्रहचित्रें ताडून पाहिलीं, तेव्हां वनाच्छादन शेंकडा १६.९ वरून १४.१ वर उतरल्याचें आढळलें. दप्तरांत वन होतें आणि भूमीवर नव्हतें. १९८१ सालीं स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणानें १९८७ सालीं आपला पहिला अहवाल काढला, त्यांत हा आंकडा शेंकडा साडेएकोणीस आला. दोन संस्थांच्या वाचनपद्धति भिन्न होत्या आणि त्यांचा ताळमेळ घालावा लागला. आज वनाच्छादनाची जी व्याख्या या अहवालांत वापरतात ती अशी: जागा एक हेक्टर वा अधिक, आणि तींतील शेंकडा दहा वा अधिक भाग झाडांच्या छत्रानें झांकलेला. जमीन कोणाची आणि झाड कशाचें, हा प्रश्न नाहीं. आमराई असो, निलगिरीची लागवड असो कीं सागाचें जुनें अरण्य असो, आकाशांतून सगळें एकच. व्याख्या खोटी नाहीं. मोजण्यासाठीं कोठें तरी रेघ ओढावीच लागते. पण त्या रेघेच्या अलीकडे काय काय दडून बसतें हें आम्हांला पुढें आमच्याच खर्चानें कळावयाचें होतें.

तत्पूर्वीं पुतण्याचा आदर्श सांगितला पाहिजे. तो देव मानीत नाहीं, पण ब्राझील देश मानतो. तेथील राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्थेनें २००४ सालीं ॲमेझॉनच्या अरण्यासाठीं एक योजना सुरू केली. चित्रांत तोड दिसली कीं थोड्याच दिवसांत वर्दी जाई, आणि वनरक्षक त्या जागीं पोंचत. त्या वर्षीं तेथें सुमारें २७,७०० चौरस किलोमीटर अरण्य तुटलें होतें. २०१२ सालीं हा आंकडा साडेचार हजारांच्या आसपास उतरला. ही किमया एकट्या डोळ्याची नव्हती. वर्दी मिळतांच जाणारे पाय होते, दंड करणारा हात होता, आणि नियम मोडणाऱ्या जमीनदाराचें कर्ज अडविणारी पेढीहि होती. पुढें राज्यकर्त्यांचें धोरण पालटलें. २०१९ सालीं तोड वाढल्याचे आंकडे त्याच संस्थेनें प्रसिद्ध केले, राष्ट्राध्यक्षांना ते रुचले नाहींत, आणि संस्थेचे संचालक रिकार्डो गॅल्व्हाओ यांना पद सोडावें लागलें. उपग्रह तोच होता आणि अरण्यहि तेंच होतें. पुतण्या ही कथा शौर्यकथेसारखी सांगे. आम्ही हिशेबनीस असल्यामुळें आमच्या मनांत निराळाच प्रश्न येई: ज्याच्याकडून पगार घ्यावयाचा, त्यालाच नको असलेली गोष्ट सांगावयाची, तर हा धंदा चालावयाचा कसा?

प्रश्नाचें उत्तर देण्याची पाळी लौकरच आली. नव्या कंपनी-कायद्याप्रमाणें २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचा शेंकडा दोन भाग लोकोपयोगी कामांवर खर्च करावा लागतो. झाडें लावणें हें त्यांतलें लोकप्रिय काम. महाराष्ट्र सरकारनेंहि २०१६ ते २०१९ या काळांत पन्नास कोटि झाडें लावण्याचा संकल्प सोडला होता. झाड लावतांना छायाचित्र निघतें. तें जगलें कीं नाहीं हें पाहावयास मात्र सहसा कोणी जात नाहीं. तेथेंच पुतण्याला आपल्या धंद्याची जागा दिसली. एका कंपनीनें मराठवाड्यांतल्याच एका गायरानावर पन्नास एकरांत झाडें लावलीं होतीं. तीन वर्षें लोटलीं होतीं. किती जगलीं याचा दाखला हवा होता. तोच आमचा पहिला मोठा ग्राहक.

पुतण्यानें काम निष्काळजीपणें केलें असें कोणीं म्हणूं नये. पावसाळ्यानंतरच्या चित्रांत गवतहि हिरवें दिसतें आणि झाडाचा भास होतो, म्हणून त्यानें मुद्दाम एप्रिल महिन्याचीं चित्रें निवडलीं. एप्रिलांत गवत जळून गेलेलें असतें; तेव्हां जें हिरवें उरतें तें झाडच. तीन वर्षांचीं चित्रें ओळीनें मांडलीं तर हिरवेपणा वर्षागणिक वाढत गेलेला स्पष्ट दिसत होता. लागवड उत्तम जगली आहे, असा दाखला आम्हीं दिला. धनादेश आला. आम्हीं पेढे वांटले, आणि न्हाव्याच्या दुकानांत मुद्दाम दोन अधिक दिले.

दोन महिन्यांनीं त्या बाजूच्या गांवीं एका लग्नास जाण्याचा योग आला. जेवणें आटोपल्यावर, आपलें जगविलेलें वन एकदां डोळ्यांनीं पाहावें अशा हौसेनें आम्ही एकटेच गायरानाकडे चालत गेलों. दुरून खरोखरच साजरें दिसत होतें. जवळ गेलों आणि धोतराचा सोगा काट्यांत अडकला. पाहतों तों उभ्या गायरानावर वेडी बाभूळ! लागवडीचे खड्डे जागच्या जागीं होते; कांहीं खड्ड्यांत रोपांच्या काळ्या पिशव्या तशाच पडल्या होत्या. शेळ्या घेऊन एक म्हातारा तेथें उभा होता. आम्हीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “कंपनीची झाडं पयल्याच उन्हाळ्यात गेली, गुरुजी. ही समदी येडी बाभळ. हिला कोण लावतंय? शेळ्या शेंगा खात्यात, अन् लेंड्यांतून ती उगवती.” मग आमच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानें समजुतीच्या सुरांत पुढें म्हटलें, “जळणाला बरी असती.”

वेडी बाभूळ हें अमेरिका खंडांतून आलेलें झाड. तिचीं मुळें खोल जातात, आणि बाकीचा माळ होरपळत असतां ती भर उन्हाळ्यांत हिरवीगार राहते. म्हणजे ज्या एप्रिलावर पुतण्यानें भिस्त ठेवली, त्याच एप्रिलानें आम्हांला फसविलें होतें. या गोष्टीची दुसरी बाजू आम्हांला पुढच्या उन्हाळ्यांत लोणारास दिसली. मंठ्याहून लोणार जवळच आहे. उल्कापातानें काळ्या पाषाणांत पडलेलें तें विवर आणि त्यांतील खारें सरोवर पाहावयास परदेशचे लोक येतात. २०२० सालीं त्याला रामसरच्या पाणथळ-यादींतहि स्थान मिळालें. त्या विवराच्या कांठावर आम्ही दोघे एप्रिलच्या दुपारीं उभे होतों. उतारावरचें सागाचें वन पानें गाळून वाळल्या लांकडासारखें उभें होतें. तळाशीं, पाण्याच्या कडेला, वेडी बाभूळ डोळे निववील इतकी हिरवी होती. आपल्या मुलखांतील खरें वन उन्हाळ्यांत पानें टाकून जीव वांचवितें; आकाशांतल्या डोळ्याला तें मेल्यासारखें दिसतें. आणि जें आगंतुक त्याची जागा बळकावीत असतें, तें तारुण्यानें मुसमुसलेलें दिसतें. पुतण्या बराच वेळ खालीं पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, बारा महिन्यांचीं चित्रें ओळीनें पाहिलीं पाहिजेत. कोण पानें टाकतो आणि कोण टाकीत नाहीं, त्यावरून ओळख पटेल.” हें शास्त्र तो पुढें शिकला, आणि बरेंच साधलेंहि. पण लोणारची ही गोष्ट नंतरची. गायरानाहून परत आलों त्या रात्रीं हें शहाणपण आम्हांपाशीं नव्हतें.

त्या रात्रीं आम्हीं पुतण्याला पाहिलेलें सगळें सांगितलें. आणि सांगून झाल्यावर जें म्हटलें तें येथें लिहितांना लाज वाटते, तरी लिहितों. आम्ही म्हणालों, “दाखला खोटा नाहीं. हिरवें वाढलें आहे असें आपण पाहिलें, आणि तें वाढलेंच आहे. आतां गप्प बसावें.” पुतण्या थोडा वेळ बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, “काका, एखाद्या मुलाला चुकून जास्त गुण पडले, तर तुम्ही काय करीत होतां?” आम्हीं प्रांजळपणें सांगितलें कीं, आम्ही ते तसेच राहूं देत असूं. “आणि तो मुलगा पुढच्या इयत्तेंत काय करी?” या प्रश्नाला आम्हीं उत्तर दिलें नाहीं. सकाळीं उठून आम्हींच, आमच्या वळणदार अक्षरांत, पत्राचा मसुदा केला: मागील दाखला रद्द समजावा, प्रत्यक्ष पाहणींत लागवडीचीं झाडें आढळलीं नाहींत, चूक आमची आहे, घेतलेली रक्कम परत करीत आहों. रकमेपैकीं निम्मी खर्च झाली होती. ती भरून काढण्यासाठीं पुतण्यानें आपली फटफटी विकली.

उत्तर आलें तें दोन ओळींचें आणि अत्यंत सभ्य. आमच्या सेवेची यापुढें आवश्यकता नव्हती. नंतर आठ महिने कोणाचेंच काम आलें नाहीं. त्या दिवसांत पुतण्याचा हेतु उपाशी होता आणि साधनहि उपाशी होतें. घरांतील मंडळींनीं मात्र ‘डोळे फोडून घेणें’ हा शब्दप्रयोग तेवढ्यापुरता बंद ठेवला.

त्या रिकाम्या दिवसांत आम्हीं हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवला होता: खरें कोणाला हवें असतें? झाडें जगलीं असें ऐकावयास पैसे देणारे पुष्कळ असतात. झाडें मेलीं असें ऐकण्यासाठीं गांठचे पैसे कोण मोजील? ज्याचें त्या झाडावर पोट आहे, तोच. गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा म्हणून गोंडांचें एक लहानसें गांव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं त्या गांवाला सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि पुढें बांबू तोडून विकण्याचें काम ग्रामसभा स्वतः पाहूं लागली. अशा गांवाला बांबूच्या बेटांची खोटी मोजणी सांगून कोणाचा फायदा? आज जास्त सांगितलें तर उद्यां तोड जास्त होईल आणि परवां गांवच उपाशी पडेल. येथें ग्राहक आणि वनाचा रखवालदार एकच असतो. दुसरा ग्राहक म्हणजे ज्याला कायद्यानें खरें बोलावयास लावलें आहे तो. युरोपीय संघानें २०२३ सालीं असा कायदा केला कीं, कॉफी, रबर, लांकूड इत्यादि सात जिनसा २०२० नंतर तोडलेल्या वनभूमीवर पिकलेल्या नाहींत, हें जमिनीच्या नेमक्या ठावठिकाण्यासह दाखविल्यावांचून त्या तेथें विकतां येणार नाहींत. त्याचा अंमल पुढें पुढें ढकलला गेला. तरी माल विकावयाचा तर खरें सांगावें लागेल, ही कल्पना एकदां जन्मली ती सहसा मरत नाहीं.

आमच्याकडे मागील दोन वर्षांत जें काम आलें तें या पहिल्या जातीचें. विदर्भांतल्या दोनतीन ग्रामसभा, आणि एक शेतकऱ्यांचा संघ, ज्याला आपल्या सभासदांच्या बांधांवरचीं झाडें मोजून हवीं होतीं. पैसा थोडा, तोहि हप्त्यानें, पण नकाशा हातीं घेऊन गांवकरी आमच्याबरोबर रानांत चालतात आणि बोट ठेवून सांगतात, “इथं तुमचं चुकलं.” असा ग्राहक मिळाल्यापासून आमच्या चुका फार लौकर सांपडतात. कचेरींत आतां एक नियम आहे: पायांनीं चालून आल्यावांचून दाखला जावयाचा नाहीं. आणि प्रत्येक दाखल्याच्या शेवटीं एक रकाना असतो, ‘आकाशांतून न दिसलेलें’. तो रकाना आम्ही स्वतः भरतों.

त्या रकान्याची कल्पना आम्हांला सुचली ती मंठ्याच्या रस्त्यावर. शेगांव–पंढरपूर रस्ता आमच्या गांवावरून जातो. तो रुंद झाला तेव्हां दोहों बाजूंचे जुने लिंब, चिंचा आणि वड गेले. बहात्तर सालीं ज्याच्या खोडाच्या सांवलींत आईनें आम्हांला बसविलें होतें, तो लिंबहि गेला; पुढच्याच पावसाळ्यांत तो फुटला होता आणि नंतर जवळजवळ अर्धें शतक उभा होता. पुतण्याला आम्हीं त्या जागेचीं, आधींचीं आणि नंतरचीं, चित्रें काढावयास सांगितलीं. त्यानें काढलीं. गुंठ्याच्या चौकोनांतून रस्त्याच्या कडेची ती एकेरी रांग धड झाड म्हणूनहि उमटली नव्हती. अर्धें डांबर, अर्धी माती आणि वर थोडासा हिरवा रंग. एक हेक्टराच्या व्याख्येंत अशी रांग वन म्हणून बसत नाहीं. वनाबाहेरच्या विखुरलेल्या झाडांचा अंदाज सरकारी अहवाल नमुन्याच्या पाहणीनें निराळा देतात, पण नमुन्यांत एका लिंबाचें नांव कोठून येणार? ज्या जिल्ह्यांत वन शेंकडा एक, त्या जिल्ह्याचें खरें वन बांधावर, ओढ्याकांठीं आणि रस्त्याच्या कडेलाच असतें. आणि तेंच मोजणींतून नेमकें निसटतें. तेव्हां आम्ही सायकल आणि वही घेऊन निघालों आणि त्या रस्त्यावर कोणतें झाड कोठें होतें तें आठवेल तसें लिहून काढलें. कांहीं म्हाताऱ्यांनीं आठवणींत भर घातली. अकरा पानें भरलीं. त्या कामाचे पैसे कोणीं दिले नाहींत. हिशेबांत तें ‘किरकोळ’ या सदराखालीं आहे.

या मार्चअखेर वही मिटविली तेव्हां शिल्लक निघाली ती दोन महिन्यांच्या वीजबिलाइतकी. पुतण्यानें जुनीच, पण एक फटफटी पुन्हां घेतली आहे. न्हावी आतां ‘जंगल कुठं हाय’ असें विचारीत नाहीं. आपल्या दुकानासमोरचें पिंपळाचें झाड ‘तुमच्या त्या चित्रात दिसतं का’ असें विचारतो. आम्हीं त्याला खरें तें सांगितलें: नीटसें दिसत नाहीं. त्याला तें आवडलें नाहीं.

परवां संध्याकाळीं पुतण्यानें ताजें चित्र उघडून आमच्या घराचा चौकोन मोठा करून दाखविला. अंगणांतला लिंब, निम्मा माळवदाचा धाबा आणि शेजाऱ्याचे नवे पत्रे हें सर्व त्या एका गुंठ्यांत आलें होतें, आणि यंत्रानें त्या सगळ्याची सरासरी काढून त्याला ‘वस्ती’ असें नांव दिलें होतें. “चूक म्हणतां येणार नाहीं,” पुतण्या म्हणाला. आम्हीं मान डोलविली आणि नेहमींप्रमाणें रकाना भरण्यासाठीं वही पुढें ओढली: अंगणांत लिंब एक, वय सुमारें चाळीस, लावणारी आमची आई.